जट आणि फणी

आमच्या घराण्यास लक्ष्मीचा प्रसाद बेताचाच मिळाला. परंतु केंसांच्या बाबतींत मात्र विधात्यानें हात आखडता घेतला नाहीं. पुरुषांचे केंस तेलापाण्यास न जुमानतां उभे राहात, आणि बायकांचा अंबाडा एका मुठींत मावत नसे. रविवारीं शिकेकाईचें पाणी उकळलें, कीं घरांत दोन तास दुसरें काम होत नसे. माझी थोरली बहीण खालीं मान घालून बसे, आई तिच्या मागें फणी घेऊन बसे, आणि शेजारच्या बायका दारांतून त्या केंसांचें कौतुक करीत. त्या कौतुकाची किंमत बहिणीच्या डोळ्यांतील पाण्यानें चुकती होई.

ही बहीण बारा वर्षांची असतां विषमज्वरानें पडली. सहा आठवडे तिनें अंथरूण सोडलें नाहीं. जिवाची शाश्वती नव्हती, तेथें केंसांकडे कोण पाहणार? ताप उतरल्यावर आईनें तिची वेणी सोडावयास घेतली, तों मानेच्या मागें नारळाएवढा एक गोळा हातास लागला. आजीनें तो पाहिला आणि हात जोडले. “सूनबाई, त्याला फणी लावूं नकोस. देवीनें खूण केली आहे,” असें म्हणून तिनें त्यावर हळदकुंकू वाहिलें. आजी दुष्ट नव्हती. नात वांचली ती देवीच्या कृपेनें, आणि ही खूण मोडली तर देवी दिलेलें परत घेईल, असें तिला मनापासून वाटत होतें. त्या रात्रीं आमच्या घरांत कोणीहि नीट झोंपलें नाहीं.

जट म्हणजे काय, याचें उत्तर शरीरशास्त्र सरळ देतें. प्रत्येक केंसाच्या बाह्यांगावर कौलांसारखे, एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. केंस एकमेकांवर घासले म्हणजे ते खवले परस्परांत अडकतात. माणसाच्या डोक्यावरून रोज सुमारें ५० ते १०० केंस गळतात. फणी फिरली तर ते निघून जातात, न फिरली तर उभ्या केंसांतच गुंतून राहतात. त्यांत घाम, तेल व धूळ मिसळली, कीं नमद्याची लोकर दाबून एकजीव व्हावी, तसा त्या केंसांचा गोळा बनतो. केंस दाट व कुरळे असतील तर हें लवकर घडतें. माणूस दीर्घकाळ अंथरुणास खिळलेला असेल, तर त्याहूनहि लवकर. पुढें वाढणारा केंस त्याच गोळ्यास जाऊन मिळतो आणि वर्षानुवर्षें जट लांब व जड होत जाते. मान दुखते, आंत उवा होतात, कातडीस जखम झाली तरी ती दिसत नाहीं.

कारण इतकें साधें असूनहि जटेस आमच्याकडे मोठा अर्थ चिकटला. शंकरानें गंगा जटेंत धरली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. गोसावी-बैरागी जटा वाढवितात, ती संसाराकडे पाठ फिरविल्याची त्यांची खूण असते; ती त्यांनीं स्वतः पत्करलेली असते. परंतु बाईच्या डोक्यांत जट झाली म्हणजे तिची इच्छा कोणी विचारीत नाहीं. उत्तर कर्नाटक व दक्षिण महाराष्ट्र या भागांत ती सौंदत्तीच्या यल्लम्मेची हांक समजली गेली. ज्या मुलीच्या डोक्यांत जट दिसली, तिला देवीस सोडावयाचें, तिचें लग्न करावयाचें नाहीं, तिनें परडी घेऊन जोगवा मागावयाचा, असा प्रघात पडला. देवीच्या नांवानें सोडलेली ही मुलगी पुढें गांवांतील धनिकांच्या वासनेस बळी पडे, हें कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. दारिद्र्यामुळें तेल नाहीं, पाणी नाहीं, विंचरावयास सवड नाहीं. त्यांतून जट होई, आणि ज्या घरीं हीं साधनें नाहींत, त्या घरची मुलगी देवीकडे जाई.

हा भ्रम केवळ आमचाच, असें समजून आपण लाजूं नये किंवा कोणीं आम्हांस लाजवूंहि नये. युरोपांत पोलंड देशांत हाच विकार इतका पसरला होता, कीं वैद्यांनीं लॅटिन भाषेंत त्यास ‘पोलंडची वेणी’ अशा अर्थाचें नांवच दिलें. तेथील शेतकरी असें मानीत, कीं शरीरांतील रोग बाहेर पडून या केंसांत सांठतो. म्हणून जट वाढूं द्यावी. ती अवेळीं कापली तर रोग उलटून आंत शिरेल, माणूस आंधळा होईल किंवा त्यास वेड लागेल, अशी भीति होती. कापलेली जट कांहीं लोक ताइताप्रमाणें जपून ठेवीत. ही समजूत झोंपडीपुरतीच होती असेंहि नाहीं. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन (राज्यकाल १५८८ ते १६४८) याच्या डोक्यावर अशीच एक बट लोंबत असे, आणि त्याचे दरबारी तिचें अनुकरण करीत, असें सांगतात. जी गोष्ट गरिबाच्या डोक्यावर रोग ठरते, तीच राजाच्या डोक्यावर अलंकार होते!

पोलंडमधील या समजुतीस हात घालणारा मनुष्य म्हणजे योझेफ डीट्ल. हा १८०४ सालीं जन्मला, क्राकूव्ह येथील विद्यापीठांत वैद्यकाचा प्राध्यापक झाला, आणि १८६६ ते १८७४ पर्यंत त्या नगराचा अध्यक्ष होता. त्यानें अशा रोग्यांची पाहणी केली आणि जट हा स्वतंत्र रोग नसून अस्वच्छतेचा व भ्रमाचा परिणाम आहे, ती कापल्यानें कोणासहि अपाय होत नाहीं, असें प्रतिपादिलें. परंतु समजावून सांगण्यावर त्याची भिस्त नव्हती. जट बाळगणाऱ्यांची सरकारी गणती करावी, त्यांना धर्मादाय मदत देऊं नये, शाळा-कचेऱ्यांत येऊं देऊं नये, दंडहि करावा, अशा उपायांचा त्यानें पुरस्कार केला असें सांगतात. दंड बसणार ही वार्ता पसरतांच लोकांनीं भराभर जटा कापून टाकल्या म्हणे. क्राकूव्हच्या वैद्यकीय संग्रहालयांत सुमारें दीड मीटर लांबीची एक जट अद्यापि जपून ठेविली आहे.

डीट्लची विद्या खरी होती आणि त्याचा हेतूहि चांगला होता. तथापि त्याच्या उपायांविषयीं माझें मन साशंक राहतें. दंडाच्या भयानें कापलेल्या जटेखालचें डोकें मोकळें झालें असेल. त्या डोक्यांतील भीति गेली असेल काय? रोगाचें भय होतें, त्याच्या जागीं सरकारचें भय आलें, एवढेंच नव्हे ना? गरीब मनुष्यास शाळेच्या दारांतून परत लावून त्याचें अज्ञान दूर होणार तरी कसें?

आमच्याकडे कायद्यानें प्रथम हात घातला तो मुली देवीस सोडण्याच्या चालीस. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. पुढें कर्नाटकानें १९८२ सालीं आणि महाराष्ट्रानें २००५ सालीं अधिक कडक कायदे केले. परंतु कायदा गुन्हेगारास पकडूं शकतो, जट विंचरूं शकत नाहीं. तें काम कार्यकर्त्यांच्या वाट्यास आलें. १९८९ सालीं डॉ. नरेंद्र दाभोळकर यांनीं स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीं गांवोगांव शेंकडों स्त्रियांच्या जटा उतरविल्या आहेत. त्यांची रीत डीट्लच्या अगदीं उलट. ते आधीं घरीं जाऊन बसतात, सासू-नवऱ्याची समजूत घालतात, ज्या बाईची जट आधींच उतरली व जिचें कांहीं वाईट झालें नाहीं तिची ओळख करून देतात, आणि बाईनें स्वतः होकार दिल्यावरच कात्री हातीं घेतात. यास वेळ लागतो, कधीं वर्षहि जातें. दाभोळकरांचा २० ऑगस्ट १९१३ नव्हे, २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, हें सांगतांना शतकाचा घोटाळा व्हावा, इतकी ती गोष्ट आपल्या काळास न शोभणारी आहे.

जटेस हात लावावयास भिणारा हाच समाज दुसऱ्या एका केंसांवर मात्र निःशंकपणें वस्तरा चालवीत होता. ब्राह्मणादि वर्गांत पति वारला, कीं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे केंस काढीत. १८५६ च्या कायद्यानें विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली; पण तिच्या डोक्यावरील वस्तरा थांबला नाहीं. आगरकरांनीं ‘सुधारकां’त या चालीवर कोरडे ओढले, हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः लिहून यमूच्या वपनाचा प्रसंग मराठी घराघरांत नेला. आणि त्याच १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पाठिंब्यानें, विधवांचें वपन आम्ही करणार नाहीं असें ठरविलें. शिकलेल्यांचीं व्याख्यानें चालूं असतां ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांनींच तो खालीं ठेवावा, ही गोष्ट आमच्या सुधारणेच्या इतिहासांत सुवर्णाक्षरांनीं लिहावी अशी आहे.

या दोन चाली परस्परविरुद्ध दिसतात. एका बाईचे केंस राहिले तर अधर्म, दुसरीचे कापले तर अधर्म! पण दोहोंचें मूळ एकच आहे. बाईच्या डोक्यावरील केंस हे नवऱ्याचे, कुळाचे, देवीचे किंवा गांवाचे. तिचे स्वतःचे तेवढे नव्हत, हें तें मूळ होय. वपन आतां नाहींसें झालें आहे. जटेचें भय अद्यापि कांहीं घरांतून शिल्लक आहे. तें काढावयाचें तर जिच्या डोक्यावर जट आहे, तिलाच प्रथम विचारलें पाहिजे.

माझ्या आईनें हेंच केलें. ती फार शिकलेली नव्हती आणि देवीस भीतहि होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें बहिणीस जवळ घेऊन विचारलें, “तुला ही हवी आहे का ग?” बहिणीनें मानेनें नाहीं म्हटलें. आईनें देवापुढें दिवा लावला, नमस्कार केला, आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसली. बटेमागून बट सोडवीत तिनें चार दिवस घालविले. पहिले दोन दिवस आजी त्या खोलींत फिरकली नाहीं. तिसऱ्या दिवशीं ती आली, आईच्या शेजारीं बसली, आणि कांहीं न बोलतां तिनें दुसरी फणी उचलली.