बांधकामस्थळ सुरक्षा सेवा
चालू बांधकामावरील सळया, सिमेंट, डिझेल व यंत्रे यांची चोरी आणि अनधिकृत प्रवेश रोखण्यासाठी केलेली पहाऱ्याची व्यवस्था. पत्र्याचे कुंपण, फाटकावरील आवक-जावक नोंदवही व रात्रगस्त ही तिची प्रमुख अंगे होत. अकलूज (ता. माळशिरस, जि. सोलापूर) परिसरातील संत तुकाराम महाराज पालखी मार्गासारख्या लांबट रस्तेकामाला सलग कुंपण घालणे शक्य नसल्याने साहित्याचे साठे व यंत्रतळ यांवर पहारा एकवटावा लागतो, तर वारीच्या काळात वारकऱ्यांना उघड्या खोदकामापासून दूर ठेवणे हेही पहारेकऱ्यांचे काम ठरते. महाराष्ट्रात १९८१ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेली सुरक्षा रक्षक मंडळे रक्षकांचे नियोजन व कल्याण पाहतात. खाजगी सुरक्षा संस्थांना २००५ च्या केंद्रीय अधिनियमानुसार परवाना बंधनकारक असून त्यांच्या रक्षकाचे वय १८ ते ६५ वर्षे असावे लागते.