मनश्शे बेन इस्राएल : एका राब्बीची शिष्टाई

इ. स. १२९० मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने इंग्लंडातील समस्त यहुद्यांना देशाबाहेर घालविले. त्यानंतर साडेतीनशेंहून अधिक वर्षांनी, १६५५ च्या सप्टेंबरात, ते बंद दार उघडावे अशी विनंती घेऊन अ‍ॅम्स्टरडॅमचा एक राब्बी लंडनास आला. त्याच्यामागे सैन्य नव्हते, खजिना नव्हता. होते ते ग्रंथ.

मनश्शेचा जन्म १६०४ चा. बाप्तिस्म्याचे नाव मानुएल दियश सुएइरु. घराणे पोर्तुगालचे, वरकरणी ख्रिस्ती, अंतर्यामी यहुदी. वडिलांनी इन्क्विझिशनच्या कोठडीत यातना सोसल्या होत्या. गोमंतकीय वाचकाला या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. १५६० मध्ये हेच न्यायासन गोव्यात स्थापन झाले, आणि औषधिविद्येचा थोर ग्रंथकार गार्सिया द ओर्ता हा गुप्तपणे यहुदी होता असे ठरवून त्याच्या अस्थी मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, उकरून जाळण्यात आल्या.

हे कुटुंब हॉलंडात आश्रयास आले. गुरू इसाक उझिएल १६२२ मध्ये वारले, तेव्हा अवघ्या अठराव्या वर्षी मनश्शेकडे प्रवचनाचे काम आले. मिळकत तुटपुंजी. त्याने अ‍ॅम्स्टरडॅममधील पहिला हिब्रू छापखाना काढला व १६२७ च्या प्रारंभी त्यातून प्रार्थनासंग्रह छापून निघाला.

'कॉन्सिलियादोर' हा त्याचा मोठा ग्रंथ १६३२ ते १६५१ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. धर्मग्रंथातील परस्परविरोधी वाटणाऱ्या वचनांचा मेळ घालणे हा त्याचा हेतू. आपल्याकडील भाष्यकारांच्या 'समन्वया'शी परिचित असलेल्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. ग्रंथ मात्र हिब्रूत नाही, स्पॅनिश भाषेत आहे. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती म्हणून वाढलेल्या नवागतांना पूर्वजांची भाषा येत नव्हती. जी भाषा येत होती तीतच त्यांना पूर्वजांचा धर्म शिकवावा लागला. आमच्या मते मनश्शेच्या विद्वत्तेपेक्षाही ही त्याची दृष्टी मोठी.

१६५० चे 'इस्राएलची आशा' हे पुस्तक निराळ्या जातीचे. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत इस्राएलच्या हरवलेल्या वंशांपैकी लोक भेटल्याची हकीगत एका प्रवाशाने १६४४ मध्ये सांगितली होती. तीवर ते आधारलेले आहे. इस्राएलची प्रजा पृथ्वीच्या टोकापर्यंत पांगल्यावाचून तिचा उद्धार नाही, आणि ते टोक म्हणजे इंग्लंड, अशी त्याची धारणा. इतिहास म्हणून हा युक्तिवाद लंगडा आहे, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. परंतु क्रॉम्वेलच्या भोवतालचे प्युरिटन लोकही त्याच भविष्यवचनांवर डोळे लावून बसले होते, म्हणूनच तो ऐकला गेला.

क्रॉम्वेलला दिलेल्या निवेदनात आपले लोक राज्याला लाभदायक, एकनिष्ठ व कुलीन आहेत, असे मनश्शेने मांडले. लाभ प्रथम आला याबद्दल त्याला बोल लावणारे लावोत; आश्रय मागणाऱ्याला देणाऱ्याचे हिशेब जाणावेच लागतात. डिसेंबरात व्हाइटहॉलच्या राजवाड्यात सभा भरली. यहुद्यांच्या प्रवेशास कायद्याची आडकाठी नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले. पाद्री व व्यापारी आडवे आले. निर्णयावाचून सभा मोडली. यहुद्यांवरील जुन्या आरोपांना मनश्शेने १६५६ मध्ये 'विंडिसिए ज्युडेओरम' लिहून सविस्तर उत्तर दिले. त्याचे हे लेखन आजही वाचण्यासारखे आहे.

दार उघडले ते आवाज न करता. लंडनमध्ये आधीच लपून राहणारे यहुदी उघडपणे वावरू लागले आणि १६५७ च्या फेब्रुवारीत त्यांनी माइल एंड येथे दफनभूमीसाठी जमीन भाडेपट्ट्याने घेतली. मनश्शेला हवी होती ती जाहीर सनद. ती मिळाली नाही. क्रॉम्वेलने ठरविलेली वार्षिक शंभर पौंडांची नेमणूकही हाती पडली नाही. त्याच सप्टेंबरात त्याचा पुत्र सॅम्युएल लंडनमध्ये वारला. पुत्राच्या इच्छेप्रमाणे त्याचा देह घेऊन मनश्शे हॉलंडास परतला आणि नोव्हेंबरात मिडलबर्ग येथे स्वतःही निवर्तला. माइल एंडच्या जमिनीत दोघांपैकी कोणीच नाही.