क्वेबेकचे तोफगोळे आणि आमचं तळघर

२०१४च्या जानेवारीत आम्ही आईला भेटायला सांगलीला गेलो होतो. इकडे मिशिगनमध्ये थंडीची लाट आली, रिकाम्या घरातला फर्नेस बंद पडला आणि तळघरातला पाईप फुटला. परत येऊन पाहतो तर खाली घोटाभर पाणी. बाबांच्या पत्रांची पेटी नेमकी तिथेच. चार पत्रं वाचली, बाकीच्यांची नुसती निळी शाई उरली.

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलो होतोच. पण त्यानंतर त्याचा इतिहास शोधत बसलो. (दुःखावर माझा हाच उतारा असतो!) सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या आकादेमिया देल चिमेंतोच्या मंडळींनी बंद धातूच्या गोळ्यांत पाणी गोठवून ते फोडले होते. पुढे १७८४-८५च्या हिवाळ्यात क्वेबेकमध्ये मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी लोखंडी तोफगोळ्यांत पाणी भरलं, तोंडाला बूच ठोकलं आणि ते उघड्यावर ठेवले. काहींचं बूच ४०० फुटांहून लांब उडालं. बूच जिथे घट्ट राहिलं तिथे लोखंडच फुटलं.

म्हणजे मुद्दा वाट मिळण्याचा! १९९०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात घरातल्या पाइपांवर प्रयोग झाले, त्यातही तेच दिसलं. बर्फाचा बोळा पाइपात बसतो, वाढतो आणि बंद नळापर्यंतच्या पाण्याला दाबत जातो. पाईप फुटतो तो बहुतेकदा बर्फ नसलेल्या जागी. नळ बारीक सोडून ठेवायचा तो याचसाठी. पण रिकाम्या घरात असा नळ कोण बघणार? तिथे पाणीच नको.

यंदा आईचं ऑपरेशन आहे, दीड महिना जातोय. काल आधी वॉटर हीटर बंद केला, मग मेन व्हॉल्व्ह. सगळ्यात वरचा आणि तळघरातला सगळ्यात खालचा नळ उघडला. दोन्ही उघडावे लागतात. शहाळ्यातल्या स्ट्रॉचं वरचं टोक बोटाने दाबलं की पाणी खाली पडत नाही, तसंच हे. हीटरची टाकी रिकामी केली, फ्लश ओढले. सिंकखालच्या वळणातलं पाणी मात्र काढता येत नाही, आणि ते नसलं तर गटाराचा वास वर येतो. म्हणून तिथे गुलाबी अँटिफ्रीझ ओतलं. गाडीचं नव्हे, ते विषारी असतं. फर्नेस १३ अंशांवर चालू ठेवलाय, बंद पडला तर पडला.

पेटी आता वरच्या मजल्यावर, कपाटात आहे.