यंत्राला गार्ड, मग माहितीला का नाही?

पुणे-नगर महामार्गावर कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मध्ये सणसवाडी लागते. शिरूर तालुक्यातले हे शेतीचे गाव एका पिढीच्या अवधीत कारखान्यांचे गाव झाले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस लार्सन अँड टुब्रो आणि जॉन डिअर यांच्या भागीदारीतला ट्रॅक्टरचा कारखाना इथे उभा राहिला. याच रस्त्याने पुढे रांजणगावची एमआयडीसी आहे, तर शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत. या पट्ट्यातले उत्पादन मोठ्या प्रमाणावर आयटीआयमधून शिकून आलेल्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रिशियन यांच्या हातून होते. हात यंत्रात सापडू नये म्हणून काय करायचे, हे त्यांना पहिल्या आठवड्यापासून शिकवले जाते. त्याच यंत्रातल्या संगणकाचे आणि माहितीचे रक्षण कसे करायचे, हे मात्र प्रामुख्याने संगणकाच्या ट्रेडपुरतेच राहिले. अभ्यासक्रमाच्या इतिहासात सुरुवातीला घातलेली ही विभागणी आता धोक्याची ठरली आहे आणि ती मोडायला हवी, असे माझे मत आहे.

सुरक्षितता हा कामगाराच्या शिक्षणाचा भाग कसा झाला, ते आधी पाहू. धोकादायक यंत्रांना कठडे घालण्याची सक्ती भारतात १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्याने केली. पण तेवढ्याने गिरणी कामगाराचे भागत नव्हते. १८८४ साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारनियुक्त आयोगापुढे ठेवले. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारच्या विश्रांतीबरोबरच जखमी कामगाराला भरपाई मिळावी, ही मागणीही त्यात होती. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले आणि सर्वंकष कारखाना कायदा १९४८ साली आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५०मध्ये, शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआयची व्यवस्था उभी राहिली. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने तिला कारखान्याशी जोडले. या व्यवस्थेने सुरक्षिततेसाठी वेगळा ट्रेड काढला नाही. गार्ड न काढणे, सैल कपडे न घालणे, दुरुस्तीआधी वीज तोडणे हे धडे प्रत्येक ट्रेडमध्ये सुरुवातीलाच आले. अपघात सेफ्टी ऑफिसरच्या टेबलावर घडत नाही, तो यंत्राशी उभ्या असलेल्या माणसासमोर घडतो, ही समज त्यामागे होती.

संगणकाच्या बाबतीत हीच समज दिसली नाही. तो व्यवसाय शिक्षणात आला तो वेगळ्या खोलीतला, टेबलावरचा विषय म्हणून. डेटा प्रिपरेशन अँड कॉम्प्युटर सॉफ्टवेअर हा ट्रेड आला, त्यातून पुढे 'कोपा' म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा एक वर्षाचा ट्रेड रूढ झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २०००मध्ये लागू झाला, तर २००१मध्ये एमकेसीएल स्थापन होऊन एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने गावोगावच्या तरुणांना माऊस धरायला शिकवले. या कामाचे मोल मोठे आहे. कोपाच्या अभ्यासक्रमात माहितीची सुरक्षा, धोके आणि सायबर गुन्ह्यांवरच्या शिक्षा हे भागही आले. पण तोवर संगणक त्या खोलीतून शॉपफ्लोअरवर गेला होता. लेथचा संगणकावर चालणारा सीएनसी झाला, रिलेच्या पॅनेलची जागा पीएलसी या नियंत्रक संगणकाने घेतली, हजेरीच्या रजिस्टरऐवजी बोटाचा ठसा आला. सीएनसीवर पेनड्राइव्हने प्रोग्रॅम चढवणारा मशिनिस्ट हाही संगणक हाताळणाराच, मात्र त्याच्या शिक्षणात माहितीच्या धोक्याला सेफ्टी शूजइतके स्थान मिळाले नाही.

हा धोका कल्पनेतला नाही. २००५ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकी ग्राहकांचे पिन मिळवून त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर काढल्याचे प्रकरण उघड झाले. त्यात यंत्रणा फोडावी लागली नव्हती, माणसांचा विश्वास पुरेसा ठरला. जून २०१७मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या सायबर हल्ल्याने जहाज वाहतुकीतल्या मर्स्क समूहाला गाठले आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले त्या समूहाचे टर्मिनल विस्कळीत झाले. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. सणसवाडीसाठी सर्वांत बोलके उदाहरण मात्र त्याच महिन्यातले, तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे आहे. नवे यंत्र बसवताना त्यातले सॉफ्टवेअर आधी तपासले गेले नाही, विषाणू कारखान्याच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि जगातल्या अत्याधुनिक कारखान्यांपैकी काहींचे उत्पादन अडखळले. चूक घडली ती यंत्र बसवण्याच्या टप्प्यावर, आणि आपल्याकडे त्या टप्प्यावर फिटर आणि इलेक्ट्रिशियन उभे असतात. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत तर नियंत्रण यंत्रणेतला बिघाड थेट माणसांच्या जिवाशी येऊ शकतो.

यंत्राबरोबर माणसांच्या माहितीचाही प्रश्न आहे. देशातले पहिले आधार क्रमांक सप्टेंबर २०१०मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. आज कंत्राटी कामगाराला गेटच्या आत पाऊल टाकण्याआधी आधारची प्रत, बँक खाते, पीएफचा यूएएन आणि बोटाचा ठसा द्यावा लागतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्या संस्थेला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण आपली माहिती कोणाकडे गेली आणि ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आपल्याला आहे, हे कामगाराला कळल्याशिवाय कायदा कागदावरच राहील. ट्रॅक्टर मेकॅनिकच्या हाती तर दुसऱ्याची माहिती येते. ट्रॅक्टर कुठे आहे, किती तास चालला, हे कळवणारी यंत्रणा आता ट्रॅक्टरमध्ये बसवली जाते. ही शेतकऱ्याची माहिती आहे आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने ती जपायची आहे, हा त्याच्या धंद्याचा धर्म झाला पाहिजे.

यावर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. पहिला असा की हे काम कंपनीच्या आयटी विभागाचे आहे, फिटरचे नव्हे. पण सेफ्टी विभाग आहे म्हणून कोणी कामगाराला हेल्मेट घालायला शिकवणे सोडत नाही. फायरवॉल बसवणे आयटीचे काम आहे, तर अनोळखी पेनड्राइव्ह पीएलसीला न लावणे हे लावणाऱ्याचेच. दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाच्या ओझ्याचा: ज्या मुलाला आधी रोजगार हवा आहे, त्याच्यावर आणखी एक विषय कशाला? म्हणूनच मी नवा विषय मागत नाही. आहे त्या सुरक्षिततेच्या तासांत हे धडे बसतात. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तंत्रज्ञान झपाट्याने बदलते, निदेशकांना त्याचे प्रशिक्षण नाही आणि छोट्या वर्कशॉपकडे पैसा नाही. यात तथ्य आहे. मात्र जे शिकवायचे ते जुने होणारे नाही: पासवर्ड वाटायचा नाही, प्रोग्रॅमचा बॅकअप ठेवायचा, ग्राहकाचे ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर टाकायचे नाही, संशय येताच वरिष्ठांना सांगायचे. या सवयींना महागडी उपकरणे लागत नाहीत. निदेशकांच्या प्रशिक्षणाचा खर्च शासनाने करावा, कारण तो एकदाच नव्हे तर नियमित करावा लागेल, आणि रांजणगाव-सणसवाडीच्या उद्योगांनी त्यात वाटा उचलावा. बंद पडलेल्या लाइनचा फटका त्यांनाच बसतो.

अभ्यासक्रमात शब्द घालून मात्र काम होणार नाही. आयटीआयमध्ये जे ट्रेड टेस्टला विचारले जाते, तेच मनापासून शिकवले आणि शिकले जाते. म्हणून मशिनिस्टच्या प्रात्यक्षिक परीक्षेत जॉबचे माप तपासताना पेनड्राइव्ह स्कॅन केला का आणि जुन्या प्रोग्रॅमचा बॅकअप घेतला का, यालाही गुण असावेत. इलेक्ट्रिशियनने पॅनेल चालू करण्याआधी मूळचा पासवर्ड बदलला का, हे परीक्षकाने पाहावे. शिकाऊ उमेदवाराच्या पहिल्या दिवसाच्या सुरक्षा-माहितीत त्याच्या स्वतःच्या वैयक्तिक माहितीचे हक्क सांगितले जावेत. १८८१च्या कठड्यापासून १९५०च्या योजनेपर्यंत यंत्रापासूनच्या रक्षणाला कामगाराच्या शिक्षणात जागा मिळायला सात दशके लागली. सीएनसीवर आज उभ्या असलेल्या मुलामुलींना तेवढी वाट पाहायला लावण्याचे कोणतेही समर्थन आपल्यापाशी नाही.