१८३ नावं

शुक्रवार, रात्री ११. शिबिराला ३३ तास.
मे महिन्यात कॉलेजं बंद, रक्त देणारी पोरं सुट्टीला गेलेली आणि रक्तपेढीत पिशव्यांचा तुटवडा. म्हणून आमच्या मंडळाने रविवारी सकाळी ८ला रक्तदान शिबिर ठरवलं. नोंदणीचं अ‍ॅप माझ्याकडे होतं: नाव, रक्तगट, मोबाइल, मागचं रक्तदान कधी. दोन रक्तदानांत पुरुषाने ३ महिने आणि बाईने ४ महिने थांबायचं असतं. तो हिशेब अ‍ॅपच करणार होतं. पायथनमधलं फ्लास्क आणि माहिती ठेवायला एसक्यूलाइट. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो.

लॅपटॉपवर डॉकर कंपोजने कंटेनर उठवला, तर पान उघडेना. अ‍ॅप १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत होतं, म्हणजे कंटेनरच्या आतल्या आतच. पत्ता ०.०.०.० केला आणि फॉर्म दिसला. आईचं नाव भरलं. कंटेनर मोडून पुन्हा उभा केला, तरी नाव जागेवर. ते का टिकलं, हे मी तपासलं नाही. कंपोजच्या फाइलीत व्हॉल्यूमची एक ओळ मीच कधीतरी लिहून ठेवली होती. तिच्यामुळे डेटाचं फोल्डर लॅपटॉपच्या डिस्कला जोडलेलं होतं. आईचं नाव कंटेनरमध्ये नव्हतंच.

रात्री १:३०. साडेतीस तास.
तीच इमेज कंटेनर प्लॅटफॉर्मवर चढवली. तिथे पोर्टवर अडलं: मी ५००० पक्का लिहिला होता, प्लॅटफॉर्म स्वतःचा पोर्ट देत होता. तो दुरुस्त झाला आणि लिंक चालू लागली. पण प्लॅटफॉर्मकडे फक्त इमेज गेली होती. कंपोजची फाइल त्याने पाहिलीच नाही, त्यामुळे व्हॉल्यूमची ओळही लॅपटॉपवरच राहिली. त्या क्षणापासून भरलं जाणारं प्रत्येक नाव कंटेनरच्या तात्पुरत्या डिस्कवर लिहिलं जाणार होतं.

शनिवार, सकाळी ९. तेवीस तास.
लिंक गावाच्या, शाळेच्या, दूध संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेली.

संध्याकाळी ६. चौदा तास.
१८३ नावं. त्यात ७ ओ निगेटिव्ह. हे रक्त कोणत्याही गटाच्या रुग्णाला तातडीने देता येतं, आणि आपल्याकडे ते फार थोड्यांचं असतं. एकीने ‘मागचं रक्तदान’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘पहिल्यांदाच देतेय, भीती वाटते’. मी यादी पुन्हा पुन्हा उघडून वाचत होतो. उतरवून घ्यायला दोन मिनिटंही लागली नसती.

रात्री ९:४०. दहा तास.
मंडळाच्या नानांचा फोन. ‘अरे, रक्तगटांत एबी निगेटिव्ह नाहीच. माझ्या भाच्याने काय भरायचं?’ चूक माझी होती. ‘लगेच करतो, नाना,’ म्हणालो. एक पर्याय वाढवला, इमेज पुन्हा बांधली, चढवली. प्लॅटफॉर्मने नेहमीचंच काम चोख केलं: नवा कंटेनर उभा केला, तो उत्तर देतोय याची खात्री केली, लोकांना तिकडे वळवलं आणि जुना काढून टाकला. एसक्यूलाइटची फाइल जुन्यात होती.

रात्री १०:१५.
यादी उघडली. शून्य.

लॉगमध्ये चुकीची एकही ओळ नव्हती. फाइल नसेल तर नवी कोरी तयार कर, असं कोडमध्ये मीच लिहिलं होतं. अ‍ॅपने मुकाट्याने तेच केलं. जुन्या लॉगमध्ये फॉर्म कधी आला त्या वेळा होत्या, नावं नव्हती.

रात्री १.
नानांच्या दारात जाऊन सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आता झोप. सकाळी सहाला ये, वही घेऊन.’

रविवार, सकाळी ८.
आठवण करून द्यायला एकही नंबर हाताशी नव्हता. दुपारपर्यंत ४१ जण आले. ओ निगेटिव्ह सातांपैकी दोघंच.

आता माहिती कंटेनरबाहेर, वेगळ्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जाते आणि तिची प्रत रोज रात्री उतरते. नवी आवृत्ती चढवण्याआधी मी एक खोटं नाव भरतो, कंटेनर पाडतो आणि नाव टिकलं का ते पाहतो.

त्या शनिवारी आमच्या लिंकवर तुम्ही नाव दिलं असेल, तर ते माझ्या चुकीने गेलं. पुढचं शिबिर १ ऑक्टोबरला, राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनी आहे. कृपा करून पुन्हा एकदा नाव द्या.