माया पुरास्थळांतील गाडलेल्या वास्तू

मेक्सिको व मध्य अमेरिकेतील माया संस्कृतीच्या पुरास्थळांवर वर दिसते त्याहून पुष्कळ बांधकाम मातीखाली किंवा नंतरच्या इमारतींच्या पोटात आहे. काही वास्तू राखेने वा जंगलाने गाडल्या. काही मायांनीच भराव घालून झाकल्या आणि त्यांवर नव्या उभारल्या. वास्तू कशी गाडली गेली, यावर तिच्या शोधाची रीत ठरते.

एल साल्वादोरमधील होया दे सेरेन हे खेडे इ. स. ६०० च्या सुमारास लोमा काल्देरा ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. १९७६ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरने तेथील एक घर उघडे पाडले. छपराचे गवत इतके टिकले होते, की घर अलीकडचेच वाटावे. कार्बन-१४ कालमापनाने त्याचे प्राचीनत्व सिद्ध झाले. पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स यांच्या पथकाने मग भूभेदी रडार बैलगाडीवर ठेवून शेतांतून संथपणे फिरवले. रडारच्या लहरी सैल राखेतून जातात आणि घट्ट मातीच्या जमिनीवरून परततात. असे प्रतिध्वनी मिळाले तेथे छिद्रे पाडून खात्री केली गेली. कुजलेल्या रोपांच्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून मक्याच्या ताटांचे आणि कसाव्याच्या कंदांचेही आकार मिळवले. राजवाड्यांपेक्षा शेतकऱ्यांच्या घरांची ही माहिती अधिक मोलाची आहे.

होंडुरासमधील कोपान येथे मात्र बोगदेच खणावे लागले. १९८९ मध्ये पुरातत्त्वज्ञ रिकार्दो आगुर्सिया यांना मंदिर क्र. १६ च्या पोटात रोसालिला हे सहाव्या शतकातील मंदिर सापडले. ते न पाडता जपून भरावात घेतल्याने त्यावरील चुन्याचे मुखवटे व लाल रंग शाबूत होता. बोगद्यामुळे वरची इमारत वाचते, पण दमट हवा आत शिरून चुना खराब होतो. म्हणून नोंदी पूर्ण झाल्यावर शक्य तेथे बोगदे पुन्हा भरणे हेच योग्य.

मेक्सिकोतील चिचेन इत्सा येथील एल कास्तियो पिरॅमिडच्या आतील मंदिर १९३० च्या दशकातील उत्खननात सापडले. पुढे जमिनीचा विद्युतरोध मोजून त्याच्याही आत आणखी लहान वास्तू असल्याचे संकेत २०१६ मध्ये जाहीर झाले.

विमानातील लेसरने झाडांखालच्या जमिनीचा नकाशा देणारे लायडार वेगवान आहे, पण ते भूपृष्ठाचा आकारच दाखवते. मेक्सिकोतील आग्वादा फेनिक्सचा सुमारे १.४ किमी. लांबीचा चौथरा लायडारने दाखवला, पण तो इ. स. पू. १००० ते ८०० मधला आहे, हे उत्खननातील कोळशाच्या कालमापनानेच ठरले.