दोन वाक्यांची घोषणा

हा लेख अहिवाऱ्याहून लिहीत आहे. गाव दुर्ग जिल्ह्यातले. शेजारी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी आणि दक्षिणेस भिलाईचा पोलाद कारखाना. १९४० साली हा कारखाना नव्हता. जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे आणि त्याचा कारभार नागपुराहून चाले. त्याच प्रांतात, वर्ध्याजवळच्या पवनार येथे, १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. तो सत्याग्रह युद्धाविरुद्ध होता, हे आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे.

सत्याग्रहाची रीत एखाद्या जिल्हाधिकाऱ्याला बुचकळ्यात टाकणारी होती. सत्याग्रही आपले नाव, स्थळ व वेळ जिल्हा दंडाधिकाऱ्यास आधीच लेखी कळवी. मग ठरल्या वेळी तो दोन वाक्ये उच्चारी. इंग्रजांच्या युद्धास माणसे वा पैसा देणे चूक आहे, हे पहिले. सर्व युद्धांचा अहिंसक प्रतिकार करणे हाच योग्य मार्ग, हे दुसरे. अटक न झाल्यास गावोगाव तेच बोलत दिल्लीच्या दिशेने चालू लागायचे. गर्दी नाही, दगड नाही, गुपित नाही. भारत संरक्षण नियमांखाली शिक्षा द्यावी तर ती नुसत्या वाक्याला द्यावी लागे. आमच्या सेवेतील पूर्वसूरींना हे प्रकरण सोपे गेले नसणार.

स्त्रियांना ही रीत मोकळी होती. सासवडच्या आश्रमातील प्रेमाबाई कंटक या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. आमच्या छत्तीसगढात डॉ. राधाबाईंचे नाव घ्यावे लागते. जन्म नागपूरचा, १८७५ चा. बालवयात लग्न आणि लवकरच वैधव्य. १९१८ च्या सुमारास त्या रायपूरच्या नगरपालिकेत सुईण म्हणून आल्या आणि लोकांनीच त्यांना ‘डॉक्टर’ केले. १९३० पासून १९४२ पर्यंतच्या सत्याग्रहांत त्या सहभागी होत्या. वैयक्तिक सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी पासष्टी गाठली होती. ज्या हातांनी शहरातली मुले जन्माला घातली, त्या बाईने ‘युद्धाला माणसे देऊ नका’ या पक्षाला असणे मला तरी विशेष अर्थपूर्ण वाटते.

त्याच काळात अमेरिकेतही ‘मातां’च्या संघटना युद्धापासून अलिप्त राहण्याची मागणी करीत होत्या. दोहोंची तुलना मोह पाडते, पण ती जपून करावी. तिथल्या काही गटांत ज्यूद्वेष उघडपणे मुरलेला होता. शिवाय, युद्धात उतरायचे की नाही, हा निर्णय त्यांच्या काँग्रेसगृहात व्हायचा होता. इथे ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. आपल्या स्त्रियांचा पहिला आक्षेप या न विचारण्याला होता.

सरकारने ३ डिसेंबर १९४१ रोजी सत्याग्रहींची सुटका जाहीर केली. चारच दिवसांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि अमेरिकी अलिप्ततावाद कोसळला. ८ डिसेंबरला तिथल्या प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध १ अशी मते पडली. ते एक मत जॅनेट रँकिन या बाईंचे. गांधींच्या विचारांच्या ओढीने त्या पुढे अनेकदा भारतात आल्या.

घोषणेच्या दोन वाक्यांचे पुढचे नशीब मात्र सारखे नव्हते. पहिल्याला देशभर माणसे मिळाली. दुसरे काँग्रेसने मनापासून कधीच स्वीकारले नव्हते. राष्ट्रीय सरकार मिळाल्यास युद्धास साह्य करू, असा प्रस्ताव तिने जुलै १९४० मध्येच पुण्यात पुढे केला होता. ८ ऑगस्ट १९४२ च्या मुंबईच्या ठरावात तर स्वतंत्र भारत आक्रमणाचा प्रतिकार सशस्त्र आणि अहिंसक अशा दोन्ही शक्तींनी करील, असे स्पष्ट नमूद झाले. दुसऱ्या वाक्यासाठीही ज्या स्त्रिया तुरुंगात गेल्या होत्या, त्या या ठरावानंतरच्या लढ्यातही उतरल्या.